चूल पेटली, गट्टी जमली

दोस्तांनो, सोमवारी सकाळी पोटात दुखण्याचा अनुभव तुमच्यापैकी किती जणांना आहे? हात वर करा पाहू! गणिताची चाचणी असली किंवा गृहपाठ राहिला असला, की नेमकं साडेसहाला पोट दुखायला लागतं. आई कपाळाला हात लावून पाहते. ताप नसतो. मग ओव्याचा अर्क पाजला जातो, आणि शाळेची घंटा होऊन गेली की दहा वाजेपर्यंत पोट आपोआप बरं होतं. घरातले गालातल्या गालात हसतात. दुसऱ्या दिवशी आपण मुकाट्याने दप्तर उचलतो. विषय संपला.

पण समजा, तो संपलाच नाही तर? दुसऱ्या दिवशीही दुखलं, तिसऱ्या दिवशीही दुखलं, आणि ते ढोंग नसून खरोखरचं दुखणं असलं तर? गणवेश घातला, बुटांचे बंद बांधले, दारापर्यंत आलो आणि पुढे पाऊलच उचलेना, असं झालं तर? आठवडा गेला, महिना गेला, सहामाही परीक्षासुद्धा आपल्यावाचून होऊन गेली, तर?

जपानमध्ये अशा मुलांसाठी एक शब्दच रूढ आहे, 'फुतोको'. त्याचा अर्थ शाळेत न जाणं. आजारपण नाही, घरात पैशाची अडचण नाही, तरीही वर्षात तीस दिवस किंवा त्याहून जास्त दिवस जे मूल शाळेत जाऊ शकत नाही, त्याची तिथलं शिक्षण मंत्रालय वेगळी नोंद ठेवतं. २०२३ च्या शैक्षणिक वर्षात पहिली ते नववीच्या वर्गांत अशी ३,४६,४८२ मुलं होती. त्यातली २,१६,११२ मुलं होती सातवी, आठवी आणि नववीतली, म्हणजे तुमच्याच वयाची. या तीन वर्गांचा हिशेब केला तर साधारण पंधरा मुलांमागे एक! तीस जणांच्या वर्गात दोन बाकांवर कुणी नाही, असं चित्र डोळ्यांसमोर आणा.

आणि हे कुठे, तर जपानमध्ये. जिथे मुलं वर्ग स्वतः झाडतात, दुपारचं जेवण स्वतः वाढतात, जिथल्या शिस्तीचे गोडवे आपण भाषणांतून ऐकत असतो, त्या जपानमध्ये.

पूर्वी याला 'तोको क्योही' म्हणत. त्याचा अर्थ, शाळेला नकार. नकार म्हटलं की कुणी हट्टी पोर पाय आपटत 'नाही जाणार, जा' म्हणतंय असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक मुलांची गोष्ट अगदी उलटी असते. त्यांना जायचं असतं. आदल्या रात्री ती दप्तर भरून ठेवतात, सकाळी मात्र अंगातून बळच जातं. कुणाच्या मागे 'इजिमे' असतो, म्हणजे वर्गातल्या मुलांनी ठरवून दिलेला त्रास. कुणाला अभ्यास झेपेनासा होतो. सहावी संपली की जपानी मुलं प्राथमिक शाळा सोडून दुसऱ्या शाळेत जातात. तिथे विषयागणिक नवे शिक्षक, नवा गणवेश, खेळांच्या गटात वरच्या वर्गातल्या मुलांचा दरारा. या बदलात इतकी मुलं अडखळतात की त्यालाही एक नाव पडलंय, 'चू-इची ग्याप', म्हणजे सातवीची दरी. आणि पुष्कळदा तर 'तुला झालंय तरी काय?' या प्रश्नाचं उत्तर त्या मुलाजवळही नसतं. मोठ्यांना याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

आता मैत्रीचं काय होतं ते पाहा. पहिल्या दिवशी मित्राचा निरोप येतो, 'का रे आला नाहीस?' आठवड्याने कुणीतरी वह्या आणून देतं. महिन्याने कुणी येत नाही. त्यांचा तरी काय दोष? मैत्री म्हणजे रोजची देवघेव असते. डबा, खोडरबर, सरांची नक्कल, घरी जाताना रस्त्यातली बडबड. ही देवघेव थांबली की बोलायला विषयच उरत नाही. इकडे घरी बसलेल्या मुलाला वाटतं, आता गेलो तर सगळे विचारणार, 'इतके दिवस कुठे होतास?' त्या एका प्रश्नाच्या भीतीने आणखी एक दिवस जातो. दिवस जितके वाढतात तितका तो प्रश्न मोठा होत जातो. काही मुलं मधला मार्ग काढतात. शाळेत येतात, पण वर्गात न जाता शाळेच्या दवाखान्याच्या खोलीत बसतात, तिथल्या नर्सबाईंजवळ अभ्यास करतात आणि घरी जातात. जपानी शाळांमध्ये हे इतकं सर्रास चालतं की त्यालाही वेगळा शब्द आहे!

मग या मुलांना घराबाहेर काढायचं कसं? जपानने याची जी उत्तरं शोधली, त्यातलं एक तुमच्या-आमच्या आवडीचं आहे. रानातलं शिबिर! पण त्याची मजा सांगण्याआधी एक वाईट गोष्ट सांगायला हवी, कारण रानात किंवा समुद्रावर नेलं की मूल आपोआप बरं होतं, असं समजणारी माणसं तिथेही होती.

१९७५ साली शिडाच्या बोटीतून एकट्याने पॅसिफिक महासागर ओलांडण्याची एक शर्यत झाली. ती जिंकली हिरोशी तोत्सुका या जपानी नाविकाने. पुढच्याच वर्षी त्याने आयची प्रांतात समुद्रकाठी शिडाच्या बोटींची शाळा काढली. शाळेत न जाणारी मुलं समुद्रावर कडक शिस्तीत ठेवली की ताळ्यावर येतात, असं तो सांगू लागला. थकलेल्या आईवडिलांनी आशेने मुलं नेऊन तिथे घातली. वर्तमानपत्रांतून कौतुकही झालं. आत मात्र मारहाण चालली होती. १९७९ ते १९८२ या काळात तिथल्या काही मुलांना जीव गमवावा लागला. १९८३ मध्ये तोत्सुकाला अटक झाली. खटला खूप वर्षं रेंगाळला आणि अखेर २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची सहा वर्षांची शिक्षा कायम केली. उघडं आकाश, निळा समुद्र, ताजी हवा, सगळं होतं तिथे. 'मला नको' म्हणायची मुभा तेवढी नव्हती.

त्याच सुमारास टोकियोत एक शिक्षिका वेगळ्या वाटेने चालली होती. केइको ओकुची त्यांचं नाव. प्राथमिक शाळेत शिकवत होत्या, आणि त्यांचं स्वतःचं मूल शाळेत जाईनासं झालं होतं. म्हणजे बाईंच्याच घरी हा प्रश्न! आपल्यासारख्याच पालकांना त्यांनी एकत्र आणलं आणि १९८५ मध्ये 'टोकियो शूरे' नावाची जागा सुरू केली. मुलांनी यावं, आपण काय करायचं ते आपण ठरवावं, नाही आलं तर नाही. 'शूरे' हा शब्द ग्रीक भाषेतल्या 'स्खोले' या शब्दावरून घेतलेला आहे, आणि गंमत पाहा, इंग्रजीतला 'स्कूल' हा शब्दही त्यातूनच आलाय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काय, माहीत आहे? फुरसत! (हा अर्थ आपल्या वर्गशिक्षकांना सांगायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.)

१९९२ मध्ये शिक्षण मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनीही आपल्या अहवालात म्हटलं, की असं कुठल्याही मुलाच्या बाबतीत होऊ शकतं. म्हणजे हे लाडावलेल्या किंवा आळशी मुलांचं खूळ नव्हे. तोवर असं सरकारी कागदावर कुणी स्पष्ट लिहिलं नव्हतं.

आता चला शिबिराला.

जपानमध्ये सरकारने मुलांसाठी डोंगरात, समुद्रकाठी मोठी निवासी केंद्रं बांधली आहेत. पहिलं केंद्र १९५९ मध्ये फुजी पर्वताच्या पायथ्याशी गोतेंबा इथे उघडलं. १९७५ मध्ये मुरोतोला शाळकरी मुलांसाठी पहिलं 'निसर्गघर' झालं, मग देशभर होत गेली. २००६ मध्ये ही सारी राष्ट्रीय केंद्रं एका संस्थेखाली आली. एरवी तिथे शाळांच्या सहली येतात. पण यातल्या बऱ्याच केंद्रांवर फक्त शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठीही शिबिरं भरतात. काही दोन-तीन दिवसांची, काही आठवड्याची. मुलं थोडीच घेतात, आणि त्यांच्यासोबत कॉलेजात शिकणारे दादा आणि ताई पुष्कळ असतात.

हे दादा-ताई फार महत्त्वाचे बरं का! जपानी लोक म्हणतात, आईवडील आणि शिक्षक यांच्याशी आपलं नातं उभं असतं, वरून खाली. मित्रांशी नातं आडवं, बरोबरीचं. पण आपल्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या ताईशी जे नातं असतं, ते तिरपं! ती ओरडणार नाही, मार्क देणार नाही, आणि आपल्याशी स्पर्धाही करणार नाही. तुमच्या आतेभावाला किंवा मामेबहिणीला तुम्ही जे सांगता, ते बाबांना सांगता का? तसंच.

शिबिरात आल्या आल्या पहिली गंमत म्हणजे नवं नाव! जपानी शिबिरांमध्ये 'कॅम्प-नेम' घेण्याची पद्धत आहे. कागदाच्या किंवा लाकडाच्या चकतीवर आपल्याला हवं ते नाव लिहायचं आणि गळ्यात अडकवायचं. बेडूक व्हा, ढग व्हा, मुळा व्हा. दादा-ताईंचीही अशीच नावं. आता विचार करा, जो मुलगा आठ महिने शाळेत गेला नाही, ज्याच्या आडनावाला वर्गात, नातेवाइकांत, शेजारीपाजारी एक शेपूट चिकटलंय, 'तोच ना, शाळेत न जाणारा?', तो इथे नुसता 'बेडूक' असतो. बेडकाला कोण विचारणार, कुठल्या शाळेत आहेस? आणि चुकून विचारलंच, तरी इथे सगळ्यांचं उत्तर एकच. आठ महिने ज्या प्रश्नाला भिऊन काढले, त्याची भीती इथे वाटतच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे, नको असेल तर नको. ओढ्यातून चढायला जायचंय, पण तुला नाही यायचं? बस इथे. एक ताई तुझ्याजवळ थांबेल, पत्ते खेळेल किंवा नुसती गप्प बसेल. रात्रभर जागणं आणि दुपारी उठणं ही बऱ्याच मुलांची सवय झालेली असते, म्हणून चांगले आयोजक पहाटे शिट्टी फुंकत नाहीत. दिवसभर उन्हात चालून तिसऱ्या रात्री झोप आपणच वेळेवर येते.

पहिल्या संध्याकाळी कुणी कुणाशी बोलत नाही, हेही सांगून टाकतो. टोपी डोळ्यांवर ओढून प्रत्येक जण आपल्या कोपऱ्यात. अनोळखी मुलांना गोल बसवून 'चला, ओळख करून घ्या' म्हणणं म्हणजे मोठ्यांची एक आवडती शिक्षाच असते. शहाणे आयोजक तसं करत नाहीत. ते मुलांच्या हातात तांदूळ देतात.

जपानी शिबिराचं ठरलेलं जेवण म्हणजे भात आणि करी. (ही करी मूळची आपल्याकडचीच, मेइजी राजवटीत इंग्रजांबरोबर तिथे पोचली. आता ती त्यांची इतकी लाडकी झालीय की दुकानात तिच्या चॉकलेटसारख्या वड्या मिळतात.) भात शिजवायचा तो 'हांगो'मध्ये. हांगो म्हणजे सैनिकांचा जुना डबा, राजम्याच्या दाण्यासारखा एका बाजूने वाकलेला, म्हणजे कमरेला नीट बसावा. त्यात चार 'गो' तांदूळ मावतात, साधारण सहाशे ग्रॅम. चार-पाच जणांचं पोट भरतं.

आता लक्षात घ्या, हे एकट्याचं कामच नाही. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवायचे. तोवर कुणीतरी काटक्या गोळा करायच्या, अगदी बारीक, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या. सुगी नावाच्या झाडाची वाळलेली पानं तिथे झटकन पेट घेतात, ती खाली घालायची. कुणीतरी कांदे, बटाटे, गाजरं चिरायची. डबा काळा होऊ नये म्हणून त्याला बाहेरून भांडी घासायचा साबण फासायचा. आपली आजी चुलीवर ठेवायच्या पातेल्याला मातीचा लेप द्यायची ना, तीच युक्ती! मग डबे आडव्या दांडीला अडकवून खाली जाळ. जाळ लहान झाला तर भात कच्चा, मोठा झाला तर करपला. झाकण उघडून बघायचं नाही, वाफ जाते. मग कळणार कसं? एक काडी घ्यायची, तिचं एक टोक झाकणावर टेकवायचं आणि दुसरं बोटांत धरायचं. आत पाणी उकळत असेल तोवर काडी थरथरते. थरथर थांबली की पाणी आटलं! मग डबा उतरवून उलटा करायचा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच मुरू द्यायचा.

यात बोलणं कुठे आलं? लगेच नाही येत. आधी येतं, 'पाणी आण.' मग 'धूर इकडे येतोय, सरक.' मग 'थरथरतंय का?' 'कळत नाहीये, तू बघ.' काडी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. एकमेकांच्या डोळ्यांत बघायची गरज नसते, कारण सगळ्यांचे डोळे जाळाकडे लागलेले असतात. काय बोलावं हा प्रश्न पडत नाही, कारण भात समोर असतो. आणि करपला तर? करपला तर उत्तमच! तळाला लागलेल्या खरवडीवरून भांडणं होतात, कारण जपान्यांना ती आपल्याइतकीच आवडते. रात्री त्या करपलेल्या भाताचीच गोष्ट सगळे पुन्हा पुन्हा सांगतात, दर वेळी थोडं मीठमसाला लावून. आठ महिन्यांत ज्याच्यापाशी सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं, त्याच्याजवळ आता एक गोष्ट असते, आणि ती खरी आहे म्हणणारे चार साक्षीदारही!

हे असं का होतं, याचा एक जुना पुरावा अमेरिकेतला आहे, आणि तोही शिबिरातलाच. १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ओक्लाहोमा राज्यातल्या 'रॉबर्स केव्ह' या डोंगराळ उद्यानात अकरा-बारा वर्षांची बावीस मुलं आणली. दोन गट केले. एकाचं नाव 'गरुड', दुसऱ्याचं 'रॅटलर', म्हणजे खुळखुळ्या साप. त्यांच्यात रस्सीखेच आणि बेसबॉलचे सामने लावले, बक्षिसं ठेवली, आणि बघता बघता दोन्ही गट एकमेकांचे वैरी झाले. झेंडे जाळले, एकमेकांच्या केबिनांवर धाडी घातल्या. मग शेरीफने त्यांचा समेट घडवायचं ठरवलं. आधी दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. काय झालं असेल? जेवताना खरकटी फेकाफेक! नुसतं शेजारी बसवून काहीच साधलं नाही. मग एक दिवस शिबिराचं पाणी बंद झालं. (शेरीफच्या माणसांनीच केलं होतं.) सगळ्यांना मिळून टाकीपर्यंतची नळाची वाट तपासावी लागली. पुढे जेवण आणणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा मुलांनी त्याला दोर बांधून ओढला. कुठला दोर? रस्सीखेचीचाच! असं दोन-चार वेळा झालं आणि घरी परतताना पोरं एकाच बसमधून गात गेली.

आपल्यावर प्रयोग चाललाय हे त्या मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. आज असं करायला परवानगी मिळणार नाही, आणि ते बरंच आहे. पण सिनेमा आणि ट्रक यांतला फरक मात्र लक्षात राहण्यासारखा आहे.

हा फरक तुम्ही दुसरीकडेही वाचलाय. आठवा, तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान'! मराठीत आल्यापासून किती घरांत ते पुस्तक आहे. पहिलीतच शाळेने काढून टाकलेली ती मुलगी आगगाडीच्या डब्यांच्या 'तोमोए' शाळेत येते. कोबायाशी गुरुजी सुट्टीत मुलांना शाळेच्या सभागृहातच तंबू ठोकून राहायला बोलावतात. आणि पोलिओ झालेला यासुआकी-चान तिचा जिवलग कसा होतो, आठवतंय? गप्पा मारून नाही. ती त्याला आपल्या झाडावर चढवायचं ठरवते. शिडी आणते, ती सरकते. मग दुसरी, घडीची शिडी ओढत आणते. घामाघूम होऊन त्याला खालून ढकलते, वरून खेचते. तो वर पोचतो तेव्हा कुठे दोघं फांदीवर बसून बोलायला लागतात. ही काल्पनिक गोष्ट नाही. ती शाळा टोकियोत खरोखरच होती. १९३७ मध्ये सुरू झाली आणि १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात जळाली.

शिबिर संपतं तेव्हा काय होतं? सगळी मुलं दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेत जातात का? नाही जात. मूल पुन्हा आपल्या त्याच खोलीत येतं, समोरच्या रस्त्याने तीच शाळेची मुलं जाताना दिसतात, आणि कधीकधी तर आधीपेक्षा उदास वाटतं. पाच दिवसांची मैत्री पन्नास किलोमीटरवर राहायला गेलेली असते! म्हणून नुसतं एक शिबिर घेऊन हात झटकणारे आयोजक मला अर्धवट काम करणारे वाटतात. जे मनापासून करतात, ते त्याच मुलांना पुन्हा बोलावतात. पानगळीत एकदा, बर्फ पडल्यावर एकदा. काही ठिकाणी मुलं रानात असताना आईवडिलांचीही वेगळी बैठक भरते, कारण घरी वाट बघणाऱ्यांना हेच कळत नसतं, की मूल परत आल्यावर पहिलं वाक्य काय बोलावं. (निदान 'मग आता सोमवारपासून जाणार ना?' हे तरी नक्कीच नव्हे.)

ज्यांना पाच दिवस पुरत नाहीत, त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. १९७६ मध्ये नागानो प्रांतातल्या यासाका या डोंगरी गावात शहरातली मुलं वर्षभर राहायला आली आणि गावच्या शाळेत शिकू लागली. मग इतर गावांतही ही पद्धत गेली. ती फक्त शाळेत न जाणाऱ्यांसाठी नव्हती, पण गावची शाळा लहान, वर्गात मोजकी मुलं. मोठ्या शाळेत दबून गेलेल्या काही जणांना ती मानवली.

आणि शाळेचं म्हणाल, तर सरकारही हळूहळू बदललं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये तिथे एक कायदा झाला. शाळेत न जाणाऱ्या मुलाला विश्रांतीची गरज असू शकते, आणि शाळेबाहेर शिकण्यालाही महत्त्व आहे, असं त्यात मान्य केलं गेलं. २०१९ मध्ये मंत्रालयाने सगळ्यांना कळवलं, की मूल शाळेत परत आलं की नाही, एवढंच मोजत बसू नका. आज यातली काही मुलं आपल्या वर्गात परततात, काही 'टोकियो शूरे'सारख्या जागी जातात, काही नगरपालिकेच्या आधारवर्गांत, तर काही पुढे पत्राद्वारे शिकवणाऱ्या हायस्कुलात दाखल होतात.

शिबिरात दुसऱ्यांदा आलेली मुलं मात्र लांबूनही ओळखू येतात. त्यांच्या पिशवीत हातमोजे असतात, जळक्या डब्याला धरायला. गळ्यात जुनीच नावाची चकती असते, धुराने पिवळी पडलेली. पहिल्या संध्याकाळी टोपी डोळ्यांवर ओढून कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या नव्या मुलाजवळ यातलं कुणीतरी जातं. 'नाव काय तुझं?' वगैरे काही विचारत नाही. बारीक काटक्यांचा ढीग त्याच्या पुढ्यात टाकतं आणि म्हणतं, 'याच्याहून जाड नकोत. मला अजून दोन मुठी लागतील.'